ट्रिमरच्या बिटांचा स्वस्त सेट घ्यावा का? पैसे देण्याआधी सुतारांनी हे बघून घ्या

मोबाईलवर एकदा ट्रिमर मशीनचा व्हिडिओ बघितला की पुढचे आठ दिवस त्याच्याच जाहिराती येत राहतात. पेटीत ओळीने उभे केलेले बारा, पंधरा नाहीतर चोवीस बिट, निळ्या-लाल-पिवळ्या रंगाचे. किंमत हजाराच्या आत, कधी कधी सातशे-आठशेच. आणि तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात चांगल्या कंपनीचा एक बिट मागितला, तर त्या एकट्याचेच चार-पाचशे सांगतात. मोठा नक्षीचा बिट असेल तर हजाराच्या वरही जातं.

मग साहजिकच प्रश्न पडतो. एकाच्या किमतीत पंधरा मिळत असतील तर एक कशाला घ्यायचा?

उत्तर आधीच सांगून टाकू. हात बसेपर्यंत, टाकाऊ लाकडावर शिकायला स्वस्त सेट घ्यायला हरकत नाही. पण गिऱ्हाइकाच्या सागवानी कामाला तो लावू नये, त्यातले मोठे बिट तर छोट्या ट्रिमरला अजिबात लावू नयेत. आणि घेण्याआधी बिटाच्या दांडीचं माप आपल्या मशीनच्या कॉलेटशी जुळतं का, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. जास्त नुकसान या शेवटच्या गोष्टीनेच होतं, आणि जाहिरातीत सगळ्यात जास्त गोंधळही तिथेच असतो.

मूल, सिंदेवाही, नागभीड या पट्ट्यात सुतारकाम आता पहिल्यासारखं राहिलं नाही. पूर्वी सुताराचं वर्ष शेतकऱ्याच्या वर्षाला बांधलेलं असायचं. नांगर, वखर, बंडीची चाकं, जू. बदल्यात खळ्यावरून धान मिळायचं. ट्रॅक्टर आला तसा तो व्यवहार बसला. आता काम आहे ते दाराच्या चौकटी, पल्ले, दिवाण, शोकेस, देवघर आणि लग्नात द्यायच्या सामानाचं. धान विकून हातात पैसा आला की लग्नसराई लागते आणि दोन-तीन महिन्यांतच वर्षाची अर्धी कमाई करून घ्यावी लागते. या घाईत पटाशीने खाच मारत बसणं परवडत नाही. म्हणून गेल्या काही वर्षांत गावोगावच्या सुतारांकडे हातात मावणारा छोटा ट्रिमर दिसायला लागला.

ट्रिमर म्हणजे लहान राऊटरच. मोटर उभी, खाली सपाट तळ, आणि मधून खाली निघालेला फिरता बिट. बिट बदलला की काम बदलतं. सरळ बिटाने खाच पडते, गोल्याच्या बिटाने कडेला गोलाई येते, बेअरिंगवाल्या बिटाने सनमायकाची बाहेर आलेली कड प्लायबरोबर साफ कापली जाते. मशीन फक्त फिरवण्याचं काम करतं. कापतो तो बिट. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. बैल कितीही तगडे असोत, फाळ बोथट असला तर नांगर जमिनीत शिरतच नाही.

पल्ला आरपार कापला गेला

सिंदेवाही तालुक्यातल्या एका सुताराकडे मागच्या लग्नसराईत जे झालं ते या विषयात समजून घेण्यासारखं आहे. त्याने नवा ट्रिमर घेतला होता आणि सोबत मोबाईलवरून पंधरा बिटांचा सेट मागवला. जाहिरातीत माप लिहिलं होतं, "6 एमएम, 1/4 इंच". दोन्ही एकच असं समजून त्याने बिट लावला, पान्याने होता-नव्हता तेवढा जोर लावून कसला आणि सागवानी पल्ल्याला नक्षीची खाच मारायला घेतली. सहा मिलिमीटर खोल जायची होती. सुरुवातीला बरोबर चालली. फूटभर गेल्यावर आवाज बदलला. थांबवून बघेपर्यंत खाच दहा मिलिमीटरच्या वर गेली होती आणि शेवटच्या वीतभर भागात पातळ फळी आरपार फुटली होती.

गिऱ्हाइकाचं लाकूड, तेही डेपोतून पावतीवर आणलेलं. सागवान घनफुटाला काही हजारांत जातं. फळी भरून द्यावी लागली, दोन दिवसांची मजुरी गेली, आणि दार वेळेवर न मिळाल्याने घरमालक चार लोकांसमोर बोलला ते वेगळंच. सेटमधून जे वाचले असं वाटत होतं, त्याच्या कितीतरी पट त्या एका खाचेत गेले.

चूक बिटाच्या धारेची नव्हतीच. धार नवी होती. चूक होती मापाची.

एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. त्याचा चौथा भाग 6.35 मिलिमीटर. म्हणजे "6 एमएम" आणि "1/4 इंच" यांत 0.35 मिलिमीटरचा फरक आहे. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळत नाही. पण त्या सुताराच्या मशीनचं कॉलेट 6.35 चं होतं आणि आलेले बिट 6 चे होते. कॉलेट म्हणजे बिटाची दांडी पकडणारी, उभ्या चिरा असलेली छोटी नळी. नट कसला की ती थोडीशी आवळते, पण ती आवळायची जागा अगदी कमी असते. बारीक दांडी तिच्यात पूर्ण अंगाने धरली जात नाही, दोन-तीन ठिकाणीच टेकते. काम चालू झालं की कंपनाने बिट हळूहळू खाली सरकतो. खाच खोल होत जाते. नशीब वाईट असेल तर बिट सुटून उडतो.

उलटं असेल, म्हणजे कॉलेट 6 चं आणि दांडी 6.35 ची, तर बिट आत जातच नाही. तिथे निदान फसवणूक नाही. पण काही जण दांडी ग्राइंडरवर घासून बारीक करतात. हे कधीच करू नका. हाताने घासलेली दांडी गोल राहत नाही, आणि गोल नसलेली दांडी त्या वेगाला मशीन थरथरवून टाकते.

मोठ्या राऊटरचंही असंच आहे. 12 मिलिमीटर आणि अर्धा इंच एक नाहीत, अर्धा इंच म्हणजे 12.7. शिवाय 8 मिलिमीटरच्या दांडीचेही बिट बाजारात आहेत, तेही बहुतेक छोट्या ट्रिमरना चालत नाहीत.

माप कसं बघायचं? मशीनच्या कॉलेटवर बहुतेक वेळा आकडा कोरलेला असतो, नाहीतर मशीनसोबतच्या पुस्तिकेत असतो. बिटाची दांडी व्हर्नियरने मोजा. व्हर्नियर नसेल तर तालुक्यात लेथवाल्याकडे जा, तो दोन मिनिटांत मोजून देईल. तेही नसेल तर लोखंडी पट्टीत 6 एमएमच्या चांगल्या ड्रिलने भोक पाडा. दांडी त्यात सहज गेली तर 6 ची, तोंडाशीच अडली तर 6.35 ची. बऱ्याच ट्रिमरना दुसऱ्या मापाचं कॉलेट सुटं विकत मिळतं. बिट आवडले पण माप चुकलं, तर दांडीशी खेळण्यापेक्षा कॉलेट घ्यावं.

स्वस्तात नेमकं काय कमी केलेलं असतं

बिटाची दांडी आणि अंग पोलादाचं असतं. कापणारी पात्याची कड मात्र वेगळ्या वस्तूची, कार्बाइडची. टंगस्टन आणि कार्बन यांचे बारीक कण कोबाल्ट धातूत बांधून ही वस्तू बनवतात. ती पाणी दिलेल्या पोलादापेक्षा कितीतरी कठीण असते, तापली तरी धार लवकर सोडत नाही. पण ती ठिसूळ असते. बिट फरशीवर पडला तर पोलाद वाकेल, कार्बाइडचा मात्र टवका उडेल. हे कार्बाइडचे छोटे तुकडे पोलादी अंगावर धातूच्या टाक्याने, म्हणजे ब्रेझिंगने बसवलेले असतात.

स्वस्त सेटच्या पेटीवरही कार्बाइडच लिहिलेलं असतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण तुकडा पातळ असतो, त्यामुळे पुन्हा धार लावायला फारसं काही उरत नाही. त्याचे कण जाडे असतील तर कड आधीच तितकी बारीक होत नाही. टाका नीट भरलेला नसतो. दोन पाती सारख्या उंचीवर नसतात, म्हणून प्रत्यक्षात एकच पातं कापतं आणि दुसरं नुसतं फिरतं. दांडी आणि अंग एका रेषेत नसतात. बेअरिंग हलक्या दर्जाचं असतं. यातली एकही गोष्ट जाहिरातीच्या फोटोत दिसत नाही, रंग तेवढा दिसतो.

मऊ लाकडावर याने फार बिघडत नाही. आंबा, जुन्या खोक्यांचं लाकूड यावर स्वस्त बिटही सुरुवातीला साफ चालतो, आणि म्हणूनच माणूस फसतो. सागवानाची गोष्ट निराळी. सागात सिलिका असते, म्हणजे जी वस्तू वाळूत असते तीच. दिसायला लाकूड गुळगुळीत, पण हत्याराची धार खातं. बाभूळ कठीण म्हणून त्रास देते, प्लाय त्यातल्या वाळलेल्या डिंकामुळे. पाण्याला टिकणाऱ्या, आयएस 710 छापाच्या प्लायमधला डिंक तर फारच कडक. अशा मालावर हलका बिट थोड्याच फुटांत बोथट होतो. मग तो कापत नाही, घासतो. घासला की तापतो, आणि लाकडावर काळपट जळका डाग उमटतो. तो डाग पॉलिश पेपरने काढायला जो वेळ जातो, त्यात पटाशीने काम होऊन गेलं असतं.

गावाकडे यात विजेची भर पडते. संध्याकाळी शेतातले पंप आणि घरातले दिवे एकदम चालू झाले की दाब उतरतो. ट्रिमरची मोटर कमी दाबाला हळू फिरते. बोथट बिट आणि पडलेला दाब एकत्र आले की मशीन रडायला लागतं, सुतार जोर लावतो, बिट आणखी तापतो, शेवटी मोटरचे कार्बन लवकर जातात. पुष्कळ जण मशीनला नावं ठेवतात. आधी बिट बदलून बघायला पाहिजे.

मोठा बिट, छोटं मशीन

पंधराच्या सेटमध्ये पेटी भरलेली दिसावी म्हणून दोन-तीन रुंद बिट असतातच. देवघराच्या कडेची नक्षी, मोठा गोला असे. फोटोत तेच सगळ्यात देखणे दिसतात. खरा धोका त्यांच्यात आहे, आणि तो थोडा हिशोब केला की कळतो.

छोटा ट्रिमर रिकामा चालवला तर मिनिटाला तीस हजारांच्या आसपास फेरे घेतो. 6 मिलिमीटरच्या बिटाची कड त्या वेगाला ताशी साधारण 34 किलोमीटरने पळते. तोच वेग ठेवून 25 मिलिमीटरचा बिट लावला तर त्याची कड ताशी 140 किलोमीटरवर जाते. कार्बाइडचा एक तुकडा दोन ग्रॅमचा धरला, तर बाहेर फेकला जाण्याची ओढ त्याच्यावर जवळपास 25 किलोची पडते. म्हणजे सिमेंटचं अर्धं पोतं त्या चिमुकल्या टाक्याला लटकलेलं आहे, आणि समोर सुताराचा चेहरा आहे.

चांगल्या बिटाच्या दांडीवर जास्तीत जास्त किती फेऱ्यांना तो चालवायचा हे छापलेलं असतं. राऊटर वापरणाऱ्यांचा ढोबळ नियम असा, की 25 मिलिमीटरपर्यंतचे बिट 24 हजारांपर्यंत चालवावेत, त्याहून रुंद 50 मिलिमीटरपर्यंतचे 18 हजारांच्या आत, आणि त्याहून मोठे आणखी हळू. ज्या ट्रिमरला वेग कमी-जास्त करायचं बटण नाही, त्याला इंचाजवळचा कुठलाही बिट लावायचाच नाही. मग तो महागाचा असो की स्वस्तातला. स्वस्त सेटमधल्या बिटावर बहुधा काही छापलेलंच नसतं. त्याचा अर्थ तो कितीही वेगाला चालतो असा नाही.

डोळ्याला चष्मा हवाच. उन्हाचा काळा चष्मा नाही, बाजूने झाकलेला कामाचा चष्मा, हार्डवेअरमध्ये शंभर-दीडशेत मिळतो. नाकाला मास्क, कारण लाकडाची धूळ कर्करोग करणाऱ्या वस्तूंच्या यादीत जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेने टाकलेली आहे, आणि एमडीएफची धूळ तर पिठासारखी बारीक उडते. गळ्यात दुपट्टा नको, लोंबती बाही नको. हातमोजेही नकोत. फिरत्या बिटात मोजा अडकला तर तो हात आत ओढतो.

पेटी आली, आता काय बघायचं

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, माल परत करायला तो कामाला येतो. त्यानंतर बिट एकेक करून उन्हात धरा. कार्बाइड आणि पोलाद यांच्या सांध्यात फट दिसते का बघा, काळी रेघ किंवा बारीक छिद्रं असतील तर तो बिट बाजूला. कडेवरून नजर फिरवा, कुठे चमक दिसली तर समजा तिथे धार नाही किंवा टवका गेलेला आहे. धारदार कड उजेड परत टाकत नाही, ती दिसतच नाही. दोन्ही पाती उंचीला आणि जाडीला सारखी आहेत का ते पाहा.

मग दांडी काचेवर ठेवून बोटाने लोळवा. बिट डुलत-डुलत गेला तर दांडी वाकडी आहे. बेअरिंगवाल्या बिटाचं बेअरिंग फिरवा, अडखळत असेल तर तेच बेअरिंग कामात जाम होऊन सनमायकावर काळी रेघ ओढणार. एक सरळ पट्टी बेअरिंगला टेकवून पात्यापर्यंत धरा. पातं पट्टीच्या पुढे येत असेल तर ते कड खाऊन टाकेल, मागे राहत असेल तर सनमायकाचा कोर तसाच राहील. स्वस्त सेटमध्ये हा दोष नेहमीचा आहे. बेअरिंगचा बारीक स्क्रू एलन चावीने कसून घ्या, तो ढिला यायची शक्यता बरीच.

यात पास झालेले बिट टाकाऊ लाकडावर चालवून पाहा. लावताना प्लग काढलेला असू द्या. दांडी कॉलेटमध्ये पूर्ण तळाला टेकवून मग दोन-तीन मिलिमीटर वर ओढायची आणि कसायची. निदान 20 मिलिमीटर दांडी आत हवी. जास्त खोल कापता यावं म्हणून बिट अर्धा बाहेर काढून लावणं म्हणजे अपघाताला बोलावणं. पहिल्यांदा चालू करताना मशीन तोंडापासून लांब धरून पंधरा-वीस सेकंद रिकामं चालवा. हाताला झिणझिण्या आल्या तर बिट तोलात नाही, काढून टाका.

आणि एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच कापा. सहा मिलिमीटरची खाच दोन-तीन हातांत पूर्ण करायची. फळीच्या बाहेरच्या कडेने जाताना मशीन घड्याळाच्या उलट दिशेने न्यायचं, चौकटीच्या आतल्या कडेने जाताना घड्याळाच्या दिशेने. उलट नेलं तर बिट लाकडावर चढून पळतो. पुष्कळदा दोष सेटला दिला जातो, पण चूक या दिशेची असते.

पंधरापैकी चारच

समजा 900 रुपयांचा पंधरा बिटांचा सेट घेतला. वरून दिसतं की एक बिट 60 रुपयांना पडला. पण गावातल्या सुताराच्या रोजच्या कामात फिरतात ते साधारण चारच. सनमायका कापायचा बेअरिंगवाला सरळ बिट, खाचेसाठी 6 किंवा 8 मिलिमीटरचा सरळ बिट, कड मोडायला छोटा गोला, आणि पल्ल्यावर रेघा मारायला व्ही आकाराचा. म्हणजे एक बिट 225 रुपयांना पडला. बाकीचे अकरा पेटीत राहतात आणि पावसाळ्यात गंजतात.

म्हणून ज्याला आपल्याला कोणता बिट लागेल हे अजून माहीतच नाही, त्याच्यासाठी स्वस्त सेट वाईट नाही. तो शिकवणीचा खर्च समजावा. सहा महिने टाकाऊ लाकडावर, घरच्या पाटावर, गुरांच्या गोठ्याच्या दाराला तो वापरावा. जो बिट आधी बोथट होईल तोच आपला रोजचा बिट, तो मग चांगल्या कंपनीचा एकेरी घ्यावा. सगळ्यात आधी बेअरिंगवाला. सनमायकाच्या कामात गिऱ्हाइकाची नजर कडेवरच जाते, तिथे काटकसर करू नये. ज्याचं काम ठरलेलं आहे, रोज चौकटी आणि पल्ले आहेत, त्याने सेटच्या वाटेला न जाता दीड-दोन हजारांत तीन-चार चांगले बिट घ्यावेत. एकदम नको, एकेका कामाच्या पैशातून.

व्ही बिट आणि छोटा गोला मात्र सेटमधले बरेच दिवस चालवता येतात. त्यांचं काम वरवरचं असतं, माप चुकलं तरी लाकूड फुकट जात नाही.

धार गेली म्हणून बिट लगेच फेकायचं नाही. आधी धुवा. सागाचं तेल आणि डिंक जळून कडेवर काळा थर बसतो आणि धार गेली असं वाटतं. बेअरिंग काढून बिट थिनरमध्ये थोडा वेळ ठेवा, पितळी ब्रशने घासा, लगेच कोरडा करून दांडीवर तेलाचा हात फिरवा. अर्धे बिट एवढ्यावरच पुन्हा चालायला लागतात. खरंच बोथट झाला असेल तर डायमंडची छोटी कानस लागते, कार्बाइडला साधा दगड चालत नाही. घासायचं ते पात्याच्या आतल्या सपाट बाजूने, दोन्ही पात्यांना मोजून सारखेच हात. बाहेरची कड घासायची नाही. ती घासली की बिटाचा व्यास कमी होतो आणि बेअरिंगशी मेळ तुटतो.

खरेदी करताना

ऑनलाइन घेताना वस्तू कोणत्या देशात बनली हे दाखवणं ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. विकणाऱ्याचं नाव-पत्ता आणि परतीची मुदत वाचून घ्या. माल परत घेत नसतील तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. बिल मागायला लाजू नका, बिल नसेल तर पुढचं बोलणंच नाही.

17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, त्यात सुतारकाम आहे. नोंदणी सीएससी केंद्रावर होते. पाच ते सात दिवसांचं पायाभूत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला 500 रुपये भत्ता, आणि हत्यारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंतचा लाभ असं त्याचं स्वरूप आहे. नंतर तारण न ठेवता पाच टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत आणि ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. घरातल्या एकालाच लाभ मिळतो. ज्यांना हत्यारं मिळाली आहेत त्यांनी पेटीतल्या बिटांनाही वरच्याच कसोट्या लावाव्यात. सरकारी पेटी आहे म्हणून दांडीचं माप आपोआप जुळत नाही.

सिंदेवाहीकडच्या त्या सुताराने तो सेट फेकला नाही. त्याने 6 मिलिमीटरचं कॉलेट वेगळं मागवलं, सेटमधले तीन रुंद बिट पेटीतून काढून पोरांचा हात पोहोचणार नाही असे वर ठेवून दिले, आणि उरलेल्यांवर तो आता पुतण्याला काम शिकवतो आहे. सागवानासाठी त्याच्याकडे दोन वेगळे बिट आहेत. ते फडक्यात गुंडाळून असतात, आणि पुतण्याने त्यांना अजून हात लावायचा नाही.